एकाच नावाची दोन फंक्शनं

आर ही भाषा ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज संख्याशास्त्राची, अर्थशास्त्राची, शेती आणि आरोग्याची कितीतरी आकडेमोड तिच्यात होते, आणि तिची खरी ताकद आहे तिच्या पॅकेजांत. क्रॅन या तिच्या भांडारात वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, बहुतेकदा एकमेकांना न विचारता लिहिली. आपण मात्र त्यांतली पाच-दहा उचलतो आणि एकाच स्क्रिप्टमध्ये शेजारी शेजारी बसवतो.

तक्त्यांवर काम करणारी प्लायर, डीप्लायर आणि डेटाटेबल ही तीन पॅकेजं अशी एकत्र आली की काय होतं, याबद्दल दोन ठाम मतं आहेत. ती मी इथे दोघांच्या तोंडी घातली आहेत: संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मॅडम, आणि त्यांचा जुना विद्यार्थी, जो आता डेटाचं विश्लेषण करून पोट भरतो. या वादात मला तटस्थ राहता येत नाही, त्यामुळे मध्ये बोलायची मोकळीक घेतली आहे.

विश्लेषक : मॅडम, आरसोबत एमटीकार्स नावाचा डेटा येतो. तुम्ही आम्हाला पहिल्याच वर्षी दिला होता.

मॅडम : बत्तीस गाड्या. अमेरिकेतल्या मोटर ट्रेंड मासिकाच्या १९७४ च्या अंकातला. त्याचं काय?

विश्लेषक : सिलिंडरांच्या संख्येनुसार गट पाडून सरासरी मायलेज काढायचं. चार सिलिंडरच्या ११ गाड्यांचं २६.६६ मैल येतं, सहाच्या ७ गाड्यांचं १९.७४ आणि आठच्या १४ गाड्यांचं १५.१०. आधी ग्रुप-बाय, मग समराइझ, आणि हातात तीन ओळी. आता हाच कोड, एक अक्षर न बदलता, दुसऱ्या संगणकावर चालवला तर कधी कधी एकच ओळ येते: २०.०९.

मॅडम : म्हणजे सगळ्या बत्तीस गाड्यांची सरासरी. गट कुठे गेले?

विश्लेषक : गट जागेवरच असतात, समराइझ वेगळं असतं. डीप्लायरचं ग्रुप-बाय तक्त्यावर गटांची खूण करून ठेवतं. ती खूण डीप्लायरच्या समराइझला वाचता येते. पण प्लायर नावाच्या जुन्या पॅकेजातही समराइझ आहे, त्याला ती खूण माहीतच नाही. ते सरळ पूर्ण कॉलमची सरासरी काढतं आणि मोकळं होतं.

मॅडम : आणि दोन्हींपैकी कोणतं चालणार हे कोण ठरवतं?

विश्लेषक : जे पॅकेज सगळ्यात शेवटी जोडलं, ते. आरला नुसतं नाव दिलं की ती आधी तुमच्या स्वतःच्या कामाच्या जागेत बघते, मग शेवटी जोडलेल्या पॅकेजात, मग त्याच्या आधीच्या, असं करत मूळ बेसपर्यंत जाते. नाव पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे शोध संपला. वाड्यात दोन अण्णा राहत असतील आणि आपण अंगणातून नुसतं ‘अण्णा’ म्हणून हाक मारली, तर जो जवळ असेल तो ओ देतो. तसंच.

मॅडम : मग ज्याने प्लायर शेवटी जोडलं त्याची चूक. यात पॅकेजाला कशाला दोष द्यायचा?

विश्लेषक : त्याने जोडलेलंच नसतं कित्येकदा. आरमिस्क नावाचं एक छोटं पॅकेज आहे. गटवार सरासरी, स्टँडर्ड एरर आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल एका फटक्यात काढून देणारं फंक्शन त्यात आहे, म्हणून आलेख काढणारे लोक ते घेतात. ते पॅकेज प्लायरवर ‘डिपेंड्स’ या सदराखाली अवलंबून आहे. ‘इम्पोर्ट्स’ असतं तर प्लायर पडद्यामागे राहिलं असतं. ‘डिपेंड्स’ म्हटलं की ते थेट तुमच्या शोधाच्या रांगेत, आणि तेही पुढे, येऊन बसतं. स्क्रिप्टमध्ये प्लायर हा शब्द कुठेही नाही, तरी समराइझ प्लायरचं.

मॅडम : मग खाली पुन्हा एकदा डीप्लायर जोडायचं.

विश्लेषक : पुष्कळ जण तेच करतात. पण आधीच जोडलेल्या पॅकेजाला पुन्हा जोडायला सांगितलं, तर आर काहीच करत नाही. ते रांगेत पुढे सरकत नाही. माणसाला वाटतं बंदोबस्त झाला. झालेला नसतो.

मॅडम : हे मात्र वाईट आहे.

विश्लेषक : याहून वाईट पुढे आहे. समराइझमध्ये तीनच्या जागी एक ओळ येते, म्हणजे डोळे उघडे असलेल्याला निदान दिसतं तरी. म्यूटेटचं बघा. म्यूटेट नवा कॉलम जोडतं, ओळींची संख्या बदलत नाही. प्रत्येक गाडीसमोर तिच्या गटाची सरासरी लिहायची आहे. डीप्लायरचं म्यूटेट आठ सिलिंडरच्या गाडीसमोर १५.१० लिहील, चारच्या गाडीसमोर २६.६६. प्लायरचं म्यूटेट सगळ्या बत्तीस ओळींत २०.०९ लिहील. आणि तक्ता छापला तर वर डीप्लायरचं शीर्षक तसंच राहतं, ‘सिलिंडरनुसार गट: ३’ अशा अर्थाचं. गट आहेत असं तक्ता स्वतः सांगतो आणि आतला आकडा गटांचा नसतो.

मॅडम : आता गाड्यांच्या जागी महाराष्ट्राचे ३६ जिल्हे ठेव. तालुक्यांचे आकडे, जिल्हावार सरासरी, आणि प्रत्येक तालुका आपल्या जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा किती खाली, याचा कॉलम. गट न पाळणाऱ्या म्यूटेटने तो काढला, तर प्रत्येक तालुक्याची तुलना राज्याशी होईल. कोकणातला तालुका आणि मराठवाड्यातला तालुका एकाच आकड्यापुढे उभे राहतील. पाऊस असेल तर मराठवाडा सगळाच तुटीत दिसेल आणि कोकणात कुठेच तूट दिसणार नाही. तक्ता नीटनेटका असेल आणि त्यावर कुणीतरी यादी बनवेल.

विश्लेषक : म्हणूनच मला हा विषय नुसता प्रोग्रामरांचा वाटत नाही.

मॅडम : मलाही नाही. पण तुझं-माझं इथून पुढे पटणार नाही. मला विचारशील तर मूळ दोष नाव उचलण्यात आहे. प्लायर हॅडली विकम यांचं, २००८ चं. डीप्लायरही त्यांचंच, जानेवारी २०१४ चं. आपल्याच जुन्या पॅकेजातली समराइझ, म्यूटेट, अरेंज, रीनेम, काउंट ही नावं त्यांनी नव्यात वापरली, वागणूक मात्र बदलली. शिवाय फिल्टर आणि लॅग ही नावं आरच्या स्वतःच्या स्टॅट्स पॅकेजात आधीपासून होती. कालश्रेणीवर काम करणारी माणसं ती रोज वापरतात. डीप्लायर जोडलं की दोन्ही झाकली जातात.

विश्लेषक : झाकली जातात, आणि तसा संदेशही येतो.

मॅडम : संदेश येतो म्हणून हक्क मिळतो का?

विश्लेषक : हक्काचं बोलायचं तर फिल्टर या शब्दावर कालश्रेणीवाल्यांचा एकट्याचा हक्क कसा? ओळी गाळून घेणं हे काम त्या नावाला जास्त शोभतं. आणि नवं का लागलं तेही बघा. गट पाडा, प्रत्येकावर काम करा, परत जोडा, ही प्लायरमागची कल्पना. विकम यांनी २०११ मध्ये जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअरमध्ये ती नीट मांडली. कल्पना उत्तम, पण गट हजारोंनी झाले की प्लायर रखडायचं. डीप्लायरने नुसत्या तक्त्यांपुरतं लक्ष दिलं, आतलं काम सी-प्लस-प्लसमध्ये नेलं आणि तेच शब्द डेटाबेसवरही चालतील अशी सोय केली. ज्याने आयुष्यात प्रोग्रामिंग केलं नाही असा समाजशास्त्राचा विद्यार्थी आज सिलेक्ट, फिल्टर, म्यूटेट वाचून कोड समजून घेतो. ती नावं सोपी नसती तर हे झालं नसतं.

मॅडम : नावं सोपी ठेवायला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या अंगणात ठेवायला आहे.

विश्लेषक : पण मॅडम, सगळ्या धडका सारख्या नसतात. मास हे पॅकेज तुम्ही शिकवता, वेनेबल्स आणि रिप्ली यांचं. त्यातही सिलेक्ट आहे आणि ते डीप्लायरचं सिलेक्ट झाकतं. काय होतं? आर लगेच अडते: हा आर्ग्युमेंट वापरात नाही. डीप्लायर जोडायला विसरून फिल्टर लिहिलं, तर स्टॅट्सचं फिल्टर म्हणतं, असा कॉलम मला सापडत नाही. प्लायरचं रीनेम जुनं नाव आधी आणि नवं नंतर मागतं, डीप्लायरचं नवं आधी. गोंधळ झाला तर एरर येते. काउंटचंही तेच. या सगळ्या ठिकाणी माणूस दहा मिनिटं वैतागतो आणि दुरुस्त करतो.

मॅडम : आणि समराइझ, म्यूटेट बोलत नाहीत.

विश्लेषक : बोलत नाहीत, कारण ती फार सारखी आहेत. मासच्या सिलेक्टचं काम इतकं वेगळं की चुकीच्या हाती गेलेला कोड चालूच शकत नाही. प्लायरचं समराइझ मात्र तेच आर्ग्युमेंट घेतं, त्याच पद्धतीने लिहिलं जातं, तसंच उत्तर देतं. फरक फक्त गटाचा. दोन फंक्शनं जितकी जवळची, तितकी त्यांच्यातली चूक गप्प.

इथे मला थांबायला हवं, कारण या साऱ्या वादातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. नावं एकच असू नयेत या मागणीने फारसं साधत नाही. वीस हजार पॅकेजांत नावं जुळणारच, आणि ती जुळू शकतात हे धरूनच आरने २००३ मध्ये १.७.० आवृत्तीपासून नेमस्पेस आणल्या. एका पॅकेजाच्या आतलं काम त्यामुळे दुसऱ्यापासून सुरक्षित राहतं. उघडा राहतो तो आपण आपल्या स्क्रिप्टमध्ये नुसतं नाव लिहितो तेवढा भाग. तिथे वागणूक दूरची असेल तर यंत्र ओरडतं. वागणूक नव्वद टक्के सारखी असेल तर गप्प बसतं. धोका मोजायचा तो या उरलेल्या दहा टक्क्यांत.

मॅडम : मग डेटाटेबलकडे बघ. मॅट डाउल यांनी २००६ मध्ये ते क्रॅनवर आणलं, म्हणजे प्लायरच्याही आधी. त्यांनी समराइझ, म्यूटेट अशी क्रियापदं काढलीच नाहीत. चौकटी कंसातच ओळी, कॉलम आणि गट तिन्ही लिहायचे. नावांचा झगडा मुळातच कमी. बेस आर सोडून दुसऱ्या कुठल्या पॅकेजावर ते विसंबत नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेली त्याची आवृत्तीसुद्धा २०१४ च्या आर ३.१.० वर चालत होती. ज्या कॉलेजात संगणक दहा वर्षं बदलले जात नाहीत, तिथे याची किंमत कळते.

विश्लेषक : ती किंमत मला मान्य आहे. पण गप्प चुका तिथेही आहेत. तक्ता ‘अ’ घ्या, ‘ब’ला ‘अ’ द्या, आणि ‘ब’मध्ये := वापरून कॉलम बदला. डेटाटेबलमध्ये ‘अ’ही बदलतो, कारण दोन्ही नावं एकाच तक्त्याची. डीप्लायरवर वाढलेला माणूस समजतो की मूळ तक्ता शाबूत आहे. फंक्शनला तक्ता दिला, फंक्शनने आत एक कॉलम बदलला, बाहेर येऊन बघावं तर मूळ डेटा गेला.

मॅडम : गेला कसला? मोठ्या तक्त्याची नक्कल न करता काम व्हावं म्हणूनच तशी रचना आहे. कॉपी नावाचं फंक्शन दिलंय, तसं लिहिलंय.

विश्लेषक : प्लायर आणि डीप्लायर कोणत्या क्रमाने जोडावं हेही लिहिलेलंच आहे. उलट्या क्रमाने जोडलं तर प्लायर स्वतः सांगतं की यातून अडचणी येण्याची शक्यता आहे, आधी प्लायर आणि मग डीप्लायर जोडा. तुम्ही लेखी सूचनेवर एकाला सोडता आणि दुसऱ्याला धरता.

मॅडम : (थोडं थांबून) बरोबर आहे. हे मी मागे घेते.

विश्लेषक : आणि दोन्हींचं मिश्रण केलं की आणखी एक. डीप्लायरमध्ये मागची किंमत घ्यायला लॅग वापरतात. एखाद्या दिवशी नुसतं डेटाटेबल जोडलंय, सवयीने लॅग लिहिलं. डेटाटेबलमध्ये त्यासाठी शिफ्ट आहे, लॅग नाहीच. मग आर स्टॅट्सचं लॅग उचलते. ते कालश्रेणीची वेळ सरकवतं, आकडे जागचे हलवत नाही. साध्या कॉलममधून ते वजा केलं की सगळे फरक शून्य. या वर्षीची वाढ शून्य, मागच्या वर्षीचीही शून्य.

मॅडम : शून्यं निदान खटकतील.

विश्लेषक : बत्तीस ओळींत खटकतील. बत्तीस लाख ओळींत, मधल्या पायरीवर, पुढे कशात तरी मिसळून गेल्यावर कुणाला खटकणार?

मॅडम : तरी मी डेटाटेबलची एक गोष्ट सांगणारच. एखाद्या पॅकेजाने डेटाटेबलचं नावही ऐकलेलं नसेल आणि आपण त्याच्या हातात डेटाटेबलचा तक्ता दिला, तर ते पॅकेज आपल्याला ओळखतं का हे डेटाटेबल आधी तपासतं. ओळखत नसेल तर चौकटी कंस साध्या डेटाफ्रेमसारखा वागतो. म्हणजे दुसऱ्याचा कोड मोडू नये याची काळजी रचनेतच घेतली आहे. आणि डीप्लायरमधून फिरून आलेल्या तक्त्यावर := चालवताना आतले संदर्भ तुटलेले दिसले, तर ते इशारा देतं की मी नक्कल करून दुरुस्ती केली आहे. मला लायब्ररीकडून हवं असतं ते हे. शेजारी कोण बसणार आहे याचा विचार.

विश्लेषक : हे मनापासून मान्य. डीप्लायरच्या लोकांनीही २०१९ मध्ये डीटीप्लायरची १.० आवृत्ती आणली. लिहायचं डीप्लायरच्या क्रियापदांत, चालतं डेटाटेबल. दोन घराण्यांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं तर होतं.

मॅडम : पण डीप्लायर स्थिर बसत नाही. मी टिपणं काढते आणि दोन वर्षांत ती जुनी होतात. आधी अनेक कॉलमांवर एकच क्रिया करायला म्यूटेट-अ‍ॅट आणि फन्स. २०१९ मध्ये ०.८.० आली आणि फन्स नको म्हणाले. २०२० मध्ये १.०.० आली, आता अक्रॉस वापरा. २०२३ मध्ये १.१.० आली, गट पाडायला ग्रुप-बायऐवजी थेट समराइझच्या आत सांगा म्हणे. मुलं विचारतात, मॅडम, बरोबर कोणतं?

विश्लेषक : म्यूटेट-अ‍ॅट काढलेलं नाही, आजही चालतं. ‘याहून चांगलं आलंय’ एवढंच त्यावर लिहिलंय. ग्रुप-बायही कुठे गेलेलं नाही. आणि बेस आर तरी कुठे स्थिर आहे? एप्रिल २०१९ च्या ३.६.० मध्ये सॅम्पल फंक्शनची पद्धत बदलली. सीड १ देऊन १ ते १० मधून क्रम मागितला की आधी ३, ४, ५ असा सुरू व्हायचा, आता ९, ४, ७ असा होतो. तुमच्या जुन्या पुस्तकांतले सगळे नमुने बदलले.

मॅडम : ती पद्धत सदोष होती. मोठ्या समष्टीत निवड समान राहत नव्हती. सुधारायलाच हवी होती. शिवाय जुनी पद्धत एका ओळीत परत मागवता येते.

विश्लेषक : आणि एप्रिल २०२० च्या ४.० मध्ये मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर, म्हणजे क्रमांक दिलेले गट, होणं बंद झालं.

मॅडम : तेही चांगल्यासाठीच. फॅक्टर झालेल्या कॉलमला संख्या समजून बदललं की आकड्यांच्या जागी गटांचे क्रमांक यायचे. तीही गप्प चूकच होती. ठीक आहे, बदल वाईट नसतो हे तू माझ्याकडून वदवून घेतलंस. माझं म्हणणं इतकंच की बदलाचा भार कुणावर पडतो ते बघा. क्रॅनवर नवी आवृत्ती येताना तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं तपासली जातात, मोडणार असतील तर त्यांच्या लेखकांना आधी कळवावं लागतं. पॅकेजाला पॅकेजापासून संरक्षण आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातली चारशे ओळींची स्क्रिप्ट कोण तपासतं?

विश्लेषक : कुणीच नाही.

मॅडम : तिला कोण कळवणार?

मॅडमच्या या प्रश्नाला विश्लेषकाकडे उत्तर नाही, आणि माझ्या मते कुठल्याच लायब्ररीच्या लेखकाकडे नाही. लेखकांना दिसतात ती क्रॅनवरची पॅकेजं. जगातला बहुतांश कोड मात्र कुणाच्या तरी लॅपटॉपवर, ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ अशा नावांच्या फाइलींत असतो.

विश्लेषक : पायथनमध्ये हे जरा बरं आहे, असं म्हणतात. तिथे पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीचं फंक्शन लिहिताना पुढे ‘पीडी’ लावण्याचा रिवाज आहे, त्यामुळे नावं भिडत नाहीत.

मॅडम : म्हणून तिथे सुख आहे का?

विश्लेषक : दुखणं वेगळं आहे. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली, तेव्हा जुन्या नमपायवर बांधलेल्या लायब्ऱ्या नव्याबरोबर उभ्याच राहीनात. पण ती एरर होती, पहिल्याच ओळीला. गप्प नव्हती.

मॅडम : मग उपाय बोल. माझा सांगते. ज्या नावाला दोन मालक असू शकतात, ते नाव कधी एकटं लिहायचं नाही. डीप्लायर::समराइझ, स्टॅट्स::लॅग. मालकाचं नाव पुढे. कोणतं पॅकेज कधी जोडलं, याला मग काही किंमत राहत नाही.

विश्लेषक : लांबलचक होतं. ज्या ओळी वाचायला सोप्या म्हणून डीप्लायर घेतलं, त्याच ओळी अवघड होतात. मी कॉन्फ्लिक्टेड नावाचं पॅकेज सुरुवातीलाच जोडतो, तेही विकम यांचंच. दोन पॅकेजांत एकच नाव असेल आणि मी ते नुसतं लिहिलं, तर ते एरर देतं आणि विचारतं, कुणाचं हवंय? एकदा सांगितलं की पुढे शांतता.

मॅडम : पॅकेजांच्या भांडणावर आणखी एक पॅकेज.

विश्लेषक : पॅकेज नको असेल तर आरमध्येच सोय आहे. ३.६.० पासून कॉन्फ्लिक्ट्स-पॉलिसी नावाचा पर्याय मिळतो. तो ‘स्ट्रिक्ट’ ठेवला तर नाव झाकणारं पॅकेज जोडतानाच आर थांबते. कोणती नावं झाकलेली चालतील ते तुम्ही स्वतः लिहून द्यायचं, तरच पुढे जाते.

मॅडम : हे मला माहीत नव्हतं. हे मी या सत्रापासून शिकवेन. आणि दुसरं: जोडताना येणारे संदेश दाबायचे नाहीत. अहवाल देखणा दिसावा म्हणून मुलं वर ‘मेसेज बंद, वॉर्निंग बंद’ लिहून टाकतात. प्लायरचा तो इशारा तिथेच मरतो.

विश्लेषक : शंभर टक्के. आणि तिसरं, आवृत्त्यांची नोंद. आरएन्व नावाचं पॅकेज प्रत्येक पॅकेजाची आवृत्ती एका लॉक फाइलमध्ये लिहून ठेवतं. वर्षभराने तीच पॅकेजं तशीच परत बसवता येतात.

मॅडम : जुनी पॅकेजं मिळत राहिली तर. मायक्रोसॉफ्टचं एमरॅन हे क्रॅनच्या रोजच्या प्रती ठेवायचं. कितीतरी लोकांनी आपल्या स्क्रिप्टमध्ये त्याच्या तारखा लिहिल्या. १ जुलै २०२३ ला ते बंद झालं. म्हणून मी म्हणते, एका स्क्रिप्टमध्ये तक्त्यांचं एकच घराणं ठेवा. डीप्लायर तर डीप्लायर, डेटाटेबल तर डेटाटेबल. सरमिसळ नको.

विश्लेषक : ते जमणार नाही, मॅडम. मला येणारी फाइल दुसऱ्याने लिहिलेली असते. त्याने तिसऱ्याची उचललेली असते. सरमिसळ हीच वस्तुस्थिती आहे. मी तिच्यात राहूनच बरोबर उत्तर काढायला शिकलं पाहिजे.

मॅडम : तर मग गटवार काढलेली प्रत्येक सरासरी एकदा दुसऱ्या वाटेने काढून बघ. एक गट हाताने वेगळा काढ, नुसत्या बेस आरने मीन घे, आणि जुळव. आठ सिलिंडरच्या चौदा गाड्या. १५.१०. एवढं केल्याशिवाय आकडा कुणाच्या हाती द्यायचा नाही.

विश्लेषक : हे करतो.

सरमिसळीबद्दल दोघांचं जुळलं नाही आणि जुळण्याची गरजही नाही. माझा कौल नावांपुढे मालक लिहिणाऱ्या मॅडमच्या बाजूने आहे, कारण ती स्क्रिप्ट दहा वर्षांनी, कुठल्याही क्रमाने पॅकेजं जोडून, कुणीही उघडली तरी त्याच समराइझकडे जाईल. ओळ लांब झाली तर होऊ दे. पण अंमल आजपासून करायचा असेल आणि हाताशी दुसऱ्याच्या हजार ओळी असतील, तर विश्लेषकाचा ‘स्ट्रिक्ट’ पर्याय आधी लावावा. तो निदान गप्प चुकीची बोलकी चूक करतो.

प्लायर आता निवृत्त आहे. क्रॅनवर टिकून राहण्यापुरतीच त्यात दुरुस्ती होते आणि तक्त्यांसाठी डीप्लायर वापरा असं त्याचे लेखकच सांगतात. तरीही ते क्रॅनवर आहे, इतर पॅकेजं त्यावर उभी आहेत, आणि जुन्या स्क्रिप्टांमधून ते आजही आपल्या रांगेत येऊन बसतं. तुमच्याकडे आरमध्ये गटवार काढलेले आकडे असतील, विशेषतः म्यूटेटने काढलेले, तर ती स्क्रिप्ट एकदा उघडा. पॅकेजं जोडून झाल्यावर शोधाची रांग छापून बघा, प्लायर डीप्लायरच्या पुढे आहे का ते तपासा. असेल तर आकडे पुन्हा काढा, आणि ते बदलले तर ज्यांना आधीचे दिले होते त्यांना कळवा.